ऑनलाइन मृत्युपत्र सेवा: मसुदा बरा, सहीचा टप्पा कच्चा

फॉर्म सोपा आहे. फ्लॅट, एफडी, डिमॅट वेगवेगळे भरता येतात आणि उरलेल्या मालमत्तेचं कलमही आहे, जे बरेच जण विसरतात. पण शेवटी ‘ई-सही करा’ हे बटण येतं, आणि ते घातक आहे. ई-सहीला मान्यता देणारा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मृत्युपत्राला लागूच नाही. प्रिंट काढा, शाईने सही करा. दोन साक्षीदारांनी ती सही पाहून तुमच्यासमोर आपापल्या सह्या करायच्या. लाभार्थी साक्षीदार नकोच, कोर्टात संशयाला जागा मिळते. साक्षीदार तुमच्याहून तरुण निवडा. वाद झाला तर साक्ष त्यांनाच द्यावी लागते. मानसिक स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सहीच्याच तारखेचा जोडा. स्टॅम्पपेपरचा आग्रह मात्र निरर्थक, साधा कागद चालतो. पाचपैकी अडीच.