घरात कांजिण्या आणि आपण गरोदर: थांबायचं, टेस्ट करायची, की इंजेक्शन घ्यायचं?

मे महिना, फोंड्याजवळचं माहेर, मला सतरावा आठवडा चालू. सुट्टीला आलेला भाचा दोन दिवस माझ्याच ताटातलं खात होता, माझ्याच कुशीत झोपत होता, आणि तिसऱ्या दिवशी आंघोळ घालताना वहिनीला त्याच्या पोटावर दवाच्या थेंबासारखे चार फोड दिसले. आई म्हणाली, अगं तुला लहानपणी येऊन गेल्यात बहुतेक. त्या 'बहुतेक'वर मी अख्खी रात्र जागून काढली, म्हणून जी कोणी आज तशीच जागी असेल तिच्यासाठी हे लिहितेय.

पहिला प्रश्न, थांबून बघायचं की लगेच टेस्ट. एका क्लिनिकला फोन केला तर उत्तर मिळालं, पुरळ आलं तर या. हे मला आजही पटत नाही, कारण पुरळ यायला संपर्कानंतर १० ते २१ दिवस लागतात आणि रोखण्याचे जे उपाय आहेत ते सगळे त्याआधीचे आहेत, नंतर उरते ती फक्त ट्रीटमेंट. व्हीझेडव्ही आयजीजी नावाची साधी रक्ताची टेस्ट असते, पॉझिटिव्ह आली की अंगात आधीच प्रतिकारशक्ती आहे, शांत झोपा. कांजिण्या नक्की येऊन गेल्यात किंवा लसीचे दोन्ही डोस झालेत हे ठामपणे माहीत असेल तर बहुतेक वेळा टेस्टचीही गरज नसते, पण 'बहुतेक'वाल्यांनी करावीच. आपल्याकडच्या गरम हवेच्या प्रदेशात मोठेपणापर्यंत कांजिण्या न आलेले लोक थंड देशांपेक्षा जास्त सापडतात.

आणि माझ्यासारखं घाबरून पळू नका! मी दुसऱ्याच दिवशी म्हापशाला सासरी जायला बॅग भरली होती. पण पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल संसर्ग देत असतं, म्हणजे व्हायचा तो संपर्क होऊन गेला होता, आणि तिकडे जाऊबाईंचं दोन महिन्यांचं बाळ! टेस्ट निगेटिव्ह असेल तर संपर्कानंतर आठव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत आपणच दुसऱ्याला देऊ शकतो (इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, घेतलं असेल तर अठ्ठाविसाव्यापर्यंत), त्यामुळे ओपीडीत जायच्या आधी फोन करून सांगा, बाकी पोटुशा बायकांच्या रांगेत जाऊन बसू नका.

टेस्ट निगेटिव्ह आली तर इंजेक्शन की गोळ्या? इंजेक्शन म्हणजे व्हीझेडआयजी, वर म्हटलेलं कांजिण्यांचं इम्युनोग्लोब्युलिन, संपर्कापासून १० दिवसांच्या आत आणि जितकं लवकर तितकं बरं. आजार दरवेळी टळतोच असं नाही पण जोर कमी होतो, पुरळ आल्यावर मात्र उपयोग नाही. महाग आहे आणि कुठल्याही फार्मसीत पटकन मिळणारं नाही. कांजिण्यांची लस ही वेगळी गोष्ट, ती जिवंत विषाणूची असते, गरोदरपणात देत नाहीत. गोळ्या म्हणजे असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध, ब्रिटनमध्ये २०२२ पासून संपर्कानंतर सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ह्याच गोळ्यांना पहिली पसंती असते. सहज मिळतात, स्वस्त आहेत, म्हणून आपल्याकडे मला हाच रस्ता जास्त जमण्यासारखा वाटतो, पण डॉक्टरांना विचारूनच, मनाने सुरू करू नका. पुरळ आलंच तर २४ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. आणि धाप लागली, छातीत दुखलं तर कडुलिंबाचा पाला, शीतलादेवीचा नवस सगळं नंतर, आधी सरळ बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल (जीएमसी), रात्र असली तरी. गरोदर बाईला कांजिण्यांतून न्यूमोनिया होतो तेव्हा तो जिवावर बेततो.

आता कितवा महिना त्यावरून भीती वेगवेगळी. पहिल्या २८ आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर बाळाच्या हातापायांवर, डोळ्यांवर, त्वचेवर परिणाम होऊ शकतो, पण १३ ते २० आठवडे ह्या सगळ्यात वाईट काळातही तो साधारण २ टक्के, म्हणजे शंभरातली ९८ बाळं ठीक असतात, 'पाडून टाक' म्हणणाऱ्या काकीला हे सांगा. आजारानंतर पाचेक आठवड्यांनी नीट सोनोग्राफी करून घ्यायची.

शेवटचे दिवस मात्र मला जास्त भीतीचे वाटतात. बाळंतपणाच्या ५ दिवस आधीपासून २ दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ आलं तर बाळाला विषाणू मिळतो पण आईच्या अँटीबॉडी पोचायला वेळच मिळत नाही. उपचार नव्हते तेव्हा अशी कितीतरी बाळं दगावायची. अशा बाळाला जन्मल्याबरोबर व्हीझेडआयजी लागतं. मुहूर्त काढून ठेवलेलं सिझेरियन असेल आणि पुरळ आलं तर मुहूर्त सोडा, शक्य असेल तर डॉक्टर पुरळानंतर ७ दिवस तरी थांबतात.

बाळ जन्मल्यावर घरातल्या मोठ्या मुलाला कांजिण्या आल्या आणि आईला पूर्वी येऊन गेल्या असतील तर बाळाकडे तिच्या अँटीबॉडी असतात, आईचं दूध चालू ठेवायचं. आईला कधीच आल्या नसतील तर पहिल्या आठवड्यातल्या बाळासाठी लगेच डॉक्टरांना विचारा.

माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली. जाऊबाईंची निगेटिव्ह, त्यांनी अंगावर पाजत असतानाच लसीचा पहिला डोस घेतला, दुसरा ४ ते ८ आठवड्यांनी, आणि त्यानंतर निदान महिनाभर दुसऱ्या बाळाचा विचार नाही असं दोघांनी ठरवलंय.