आतली कडी की शेजाऱ्याकडची किल्ली: एकटं राहताना कशावर भिस्त ठेवायची?

पहाटेचे साडेचार वाजले असतील. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय सटकला आणि मी घोट्यावर पडले. फोन पलंगावर, उशीपाशी. ओरडून पाहिलं, पण दोन बंद दारांपलीकडे आवाज काही जाईना. सात वाजून गेले तरी माझी खिडकी उघडली नाही म्हणून शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. मी आतून हाक दिली. त्या धावत जाऊन त्यांच्याकडची किल्ली घेऊन आल्या. किल्ली फिरली, लॅच सुटलं, पण दार हललं नाही. रात्री झोपताना मी वरची कडी लावली होती.

सरपटत दारापर्यंत पोचले, पण कडी माझ्या डोक्याच्याही वर. उभं राहता येत नव्हतं. मग फरशी पुसायच्या दांड्याने ती खाली ओढायला लागले. कडीचा कान दांड्यात अडकायचा, बोटभर खाली यायचा आणि पुन्हा निसटायचा. बाहेरून काकू म्हणत होत्या, "घाई करू नकोस गं, मी इथेच आहे." वीस मिनिटं लागली. हाड मोडलं होतं, ते पुढे जुळलं. पण ती वीस मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. त्या वेळी मी शुद्धीवर नसते तर?

एकटं राहणारा माणूस घराच्या सुरक्षेचा विचार करतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे चोर असतो. तो असावाच. पण एकट्याच्या घराला दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: नको तो माणूस बाहेर राहावा, आणि हवा तो माणूस वेळेला आत येऊ शकावा. बाजारातल्या बहुतेक वस्तू यातलं पहिलं काम करतात आणि दुसऱ्याचा विचारही करत नाहीत. म्हणून खाली प्रत्येक पर्याय या दोन्ही बाजूंनी तोलून पाहिला आहे.

कुलूप: कडी, नाइट लॅच की डेडबोल्ट

कडी स्वस्त, सोपी, आणि आतून लावली की मनाला धीर देते. पण ती बाहेरून कोणालाच उघडता येत नाही. घरात चार माणसं असतील तर हा तिचा गुण. एकट्या माणसाच्या घरात तोच दोष. लावायचीच असेल तर निदान कमरेच्या खाली, बसल्या जागेवरून हात पोचेल अशी असावी.

नाइट लॅचचं सुख असं की दार ओढलं की आपोआप बंद होतं. विसराळू माणसाला ते बरं. पण त्याची जीभ स्प्रिंगवर असते आणि तिला तिरकी धार असते. ती आतून अडकवलेली नसेल तर दाराच्या फटीतून पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून मागे ढकलता येते. शिवाय कचरा ठेवायला बाहेर आलात आणि वाऱ्याने दार लागलं, तर किल्ली आत, तुम्ही बाहेर, आणि आतून उघडायला कोणी नाही.

डेडबोल्टची जीभ चौकोनी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग नसते. किल्लीने किंवा आतल्या मुठीने फिरवली तरच ती हलते. ती चौकटीत निदान २५ मिलीमीटर शिरली पाहिजे. माझं मत विचाराल तर मुख्य दाराला हाच. मात्र कुलूप भक्कम असून भागत नाही. लाथ मारून दार फोडतात तेव्हा कुलपापेक्षा चौकटच आधी तुटते, कारण जिथे जीभ शिरते ती पत्र्याची पट्टी बोटाच्या पेराएवढ्या स्क्रूंनी बसवलेली असते. ते काढून तिथे ७५ मिलीमीटरचे स्क्रू लावले तर पकड चौकटीच्या पातळ लाकडातून मागच्या पक्क्या आधारापर्यंत जाते. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि महागडं नवं कुलूप घेण्याआधी करण्यासारखं आहे.

आता खरा प्रश्न: डेडबोल्टला आतल्या बाजूनेही किल्ली असावी की फिरवायची मूठ? दोन्हीकडे किल्ली असलेल्या कुलपात धुराने भरलेल्या घरात तुम्हाला आधी किल्ली शोधावी लागते. दुसरं असं की पुष्कळशा सिलिंडर कुलपांत, म्हणजे किल्ली ज्यांच्या गोल नळकांड्यात फिरते अशा कुलपांत, आतून किल्ली तशीच लावून ठेवली तर बाहेरची किल्ली पूर्ण आत जातच नाही. म्हणजे पुन्हा माझ्या कडीचीच गत. मूठ असलेलं कुलूप आतून अंधारात चाचपडतही उघडतं आणि बाहेरून शेजाऱ्याची किल्लीही चालते. अडचण एकच: दाराला काच किंवा सैल जाळी असेल तर ती फोडून हात घालून मूठ फिरवता येते. तसं दार असेल तर दोन्हीकडून किल्लीचं पण 'आत किल्ली असतानाही बाहेरून उघडणारं' सिलिंडर मिळतं. दुकानात नेमकं असंच मागा आणि घेण्याआधी तिथेच दोन किल्ल्या लावून फिरवून बघा. आतली किल्ली मग दारापासून हातभर लांब, ठरलेल्या खिळ्यावर.

डिजिटल कुलपांची भुरळ मलाही पडली होती. त्यांचा मोठा फायदा दूर राहणाऱ्या नातेवाइकांना होतो. तुम्ही फोनवर आकडा सांगितला की मदतीला आलेला माणूस आत येतो, किल्ली कोणाकडे ठेवायची हा प्रश्नच उरत नाही. पण बॅटरी संपते, आणि ओल्या किंवा सुरकुतलेल्या बोटाचा ठसा कधी कधी लागत नाही. अनेक कुलपांच्या बाहेरच्या बाजूला खाली दोन छोटे टोकदार बिंदू असतात. तिथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली की कुलूप तेवढ्यापुरतं जागं होतं. अशी सोय आणि साधी किल्ली, दोन्ही असतील तरच घ्या. बहुतेक डिजिटल कुलपांना आतून एक जादा खटका असतो. तो लावला की बाहेरचा आकडा चालत नाही. एकट्याने तो वापरू नये.

दारात कोण आहे: साखळी, भिंग की व्हिडिओ बेल

साखळीवर माझा विश्वास नाही. ती दोन-चार बारीक स्क्रूंवर तोललेली असते, आणि ती वापरायची म्हणजे तुम्ही दार आधीच उघडलेलं असतं. एका जोरदार धक्क्याचा प्रश्न.

दाराचं भिंग वीज मागत नाही, इंटरनेट मागत नाही, बिघडत नाही. बाहेर अंधार असेल तर मात्र निरुपयोगी, म्हणून बाहेरचा दिवा आतून लावता यायला हवा. भिंग तुमच्या डोळ्याच्या उंचीला आहे ना, तेही पाहा. भाड्याच्या घरात ते आधीच्या माणसाच्या उंचीचं असतं.

व्हिडिओ बेल तेव्हा उपयोगाची जेव्हा दारापर्यंत जाणं हेच कष्टाचं असतं, किंवा तुम्ही बाहेर असताना कोण आलं हे कळायला हवं असतं. पलंगावरून बोलता येतं, आणि घरात एकटंच माणूस आहे हे समोरच्याला कळत नाही. पण वायफाय गेलं की तीही गेली. गुडघे धड असतील तर भिंग पुरे. नसतील तर व्हिडिओ बेल घ्या, पण भिंग बुजवू नका.

घरातल्या कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: कॅमेरा थांबवत नाही, नोंदवतो. बाहेरच्या दारावर रोखलेला असेल तर ठीक. झोपायच्या खोलीत मात्र मी कधीच लावणार नाही. लावलाच तर त्यासोबत आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय फोनवर येणारा आकडाही मागणारी) सुरू करा. नाहीतर तुमचं घर तुम्हीच परक्यांना दाखवत बसाल.

पडलात तर: बटण, घड्याळ, फोन की रोजचा एक कॉल

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण दारावर पैसे ओतणारे लोक इथे येईपर्यंत थकतात.

पडण्याइतकाच घातक असतो पडून राहण्याचा काळ. तासाभराहून जास्त एकाच अंगावर, कडक जमिनीवर पडून राहिलं की दाबलेले स्नायू झिजायला लागतात, त्यातून सुटणारे पदार्थ मूत्रपिंडांवर ताण आणतात. त्यात अंगातलं पाणी कमी होतं, गारठा लागतो, कातडीला जखमा होतात. म्हणून कुठल्याही साधनाला एकच प्रश्न विचारायचा: हे वापरलं तर मी पडल्याचं दुसऱ्या माणसाला किती वेळात कळेल?

गळ्यात घालायचं, दाबलं की मदत बोलावणारं बटण दाबलं तर मिनिटात. अट एवढीच की ते गळ्यात हवं आणि दाबायचं मन व्हायला हवं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००८ साली नव्वदीपुढच्या लोकांबद्दल केंब्रिजचा एक अभ्यास छापून आला. मदतीचा अलार्म हाताशी असूनही, एकटे असताना पडून उठता न आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी तो वापरलाच नाही. काहींनी तो अंगावर घातलेला नव्हता, काहींना वाटलं आपलं आपण उठू, काहींना कोणाला त्रास द्यायचा नव्हता. हे वाचताना मला माझी आई दिसली. तुम्हालाही कोणी ना कोणी दिसेल.

पडल्याचं ओळखणारं घड्याळ या संकोचावर थोडा उतारा आहे, कारण ते दाबायची वाट बघत नाही. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१८ साली आली. जोरात पडल्यावर माणूस मिनिटभर हलला नाही तर ते आधी इशारा देतं आणि मग स्वतःच आपत्कालीन सेवेला फोन लावतं. इतरही काही कंपन्या आता ही सोय देतात. पण हळूच घसरून भिंतीला टेकत खाली बसलेला माणूस त्याला 'पडला' असा दिसेलच असं नाही. आणि चार्जिंगला घड्याळ लोक कधी लावतात? रात्री. न्हाणीघरात जाताना काढून ठेवतात. नेमक्या धोक्याच्या दोन वेळांना ते मनगटावर नसतं. घ्याल तर पाण्यात चालणारं घ्या, आणि चार्जिंगची वेळ दुपारची, खुर्चीत बसून वाचताना, अशी बांधून टाका.

फोन सगळ्यांकडे असतो, म्हणून त्याला पर्याय म्हणायची सवय लागली आहे. माझा उशीपाशी होता. फोनवर भिस्त ठेवणार असाल तर तो कमरेच्या पिशवीत हवा, न्हाणीघरातसुद्धा, आणि तिथे ठेवायचा तो जमिनीवरून हात पोचेल इतक्या खालच्या फळीवर. आपत्कालीन संपर्क आणि औषधांची माहिती फोनमध्ये भरून ठेवा. फोन कुलूपबंद असला तरी ती उघडता येते. फोनमध्ये 'आय सी ई' (इन केस ऑफ इमर्जन्सी, म्हणजे आपत्कालीन प्रसंगी) नावाने जवळच्या माणसाचा नंबर ठेवण्याची कल्पना २००५ साली इंग्लंडमधल्या एका रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने लोकांपुढे मांडली. आता तीच सोय फोनमध्येच येते, भरत मात्र फार थोडे जण.

आणि रोजचा कॉल. त्याला काही घालावं लागत नाही, चार्ज करावं लागत नाही, तुम्ही बेशुद्ध असाल तरी तो काम करतो, कारण तिथे तुमची शांतताच निरोप असते. त्याचा कमकुवतपणा वेळेचा. दिवसातून एकदा बोलत असाल तर कळायला चोवीस तासही लागू शकतात, सकाळ-संध्याकाळ बोलत असाल तर बारा. पण नुसतं 'रोज बोलत जाऊ' पुरत नाही. पुढचं ठरवावं लागतं: साडेसातपर्यंत निरोप नाही आला तर फोन, दहा मिनिटांनी दुसरा, आणि तोही उचलला नाही तर कोण किल्ली घेऊन येणार. हे न ठरवल्यामुळे समोरचा माणूस 'झोपली असेल' म्हणत दुपार करतो.

माझा कौल: तरुण, धडधाकट असाल तर रोजचा निरोप आणि अंगावर फोन एवढ्याने भागतं. चक्कर येत असेल, आधी एकदा पडला असाल किंवा रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर घड्याळ किंवा बटण हवंच. पण रोजचा कॉल त्यानंतरही सोडायचा नाही.

न्हाणीघराच्या दाराबद्दल एक गोष्ट. एकटे राहत असाल तर आतून कडी लावता कशाला? सवय आहे म्हणून, एवढंच कारण असतं. कडी नकोच, आणि जमलं तर दार बाहेर उघडणारं करून घ्या. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर ते ढकलता येत नाही.

धूर आणि वायू

झोपेत वासाने जाग येईल यावर विसंबू नका. घरात दुसरं कोणी नसेल तर उठवायला अलार्मच लागतो. धुमसत्या आगीचा धूर प्रकाशावर चालणारा अलार्म लवकर पकडतो, भडकत्या ज्वाळांना आयनीकरणाचा. एकच घ्यायचा तर मी प्रकाशावर चालणारा घेईन, तोही झोपायच्या खोलीजवळ. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहा आणि १० वर्षांनी बदला. गॅस अलार्म कुठे लावायचा हे गॅसवर ठरतं: सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून अलार्म खाली. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका, म्हणून अलार्म छताजवळ. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. घरात गॅसचा गीझर किंवा शेगडीची ऊब असेल तर त्याचा अलार्म वेगळा लागतो.

किल्ली कोणाकडे

जवळच्या नातेवाइकापेक्षा जवळ राहणारा माणूस बरा. दीड तासावरच्या भावाकडे किल्ली असेल तर मदतीला दीड तास लागतो. शेजारी भरवशाचा नसेल तर भिंतीत पक्की बसवलेली, आकड्याने उघडणारी किल्लीपेटी हा पर्याय आहे. ती हलक्या पत्र्याची नको, आणि आकडा जन्मवर्षाचा नको. कुंडीखाली किंवा पायपुसण्याखाली किल्ली ठेवू नका, ती जागा सगळ्यांना माहीत असते.

किल्ली ज्याला द्याल त्याला एकदा रात्री बोलवा. झोपताना जसं दार लावता अगदी तसंच लावा, सगळे खटके, सगळं काही, आणि तुम्ही आत बसा. मग त्यांना बाहेरून उघडायला सांगा. काकूंनी मागच्या महिन्यात पुन्हा उघडून पाहिलं. दहा सेकंद लागले. वरच्या कडीच्या जागी आता चार भोकं आहेत, लांबी भरून बुजवलेली.