व्याज हलके झाले, पण पहिली रक्कम कुठून आणायची? : प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० च्या व्याज अनुदानाचे परीक्षण

जळगावात एका चटई कारखान्यात कामाला जाणारे दादा आणि घरी शिलाई करणाऱ्या ताई, अशा आमच्या शेजारच्या कुटुंबाच्या घरखरेदीच्या वेळी कागदपत्रांपासून बँकेपर्यंत मी सोबत होतो. त्या अनुभवावरून प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधील व्याज अनुदानाविषयी माझे मत असे झाले आहे की, ही योजना घर घेतलेल्या माणसाचा भार कमी करते, मात्र घर घेण्यासाठी उंबऱ्यापर्यंत आलेल्या माणसाला ती आत येण्यास मदत करत नाही.

योजनेच्या अटी समजण्यास कठीण नाहीत. १ सप्टेंबर २०२४ पासून मंजूर होऊन वितरित झालेल्या कर्जांना ती लागू आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असल्यास दुर्बल घटक, ६ लाखांपर्यंत असल्यास अल्प उत्पन्न गट आणि ९ लाखांपर्यंत असल्यास मध्यम उत्पन्न गट धरला जातो. घराची किंमत ३५ लाखांच्या आणि कर्ज २५ लाखांच्या आत असावे लागते, तसेच देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नसावे लागते. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत ४ टक्के व्याज अनुदान मिळते आणि त्याची रक्कम, जास्तीत जास्त १.८० लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. घर महिलेच्या नावावर किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नावावर असावे, या आग्रहाचे मी मनापासून स्वागत करतो, कारण ताईंचे नाव खरेदीखतावर पहिल्यांदाच आले ते या अटीमुळे.

अडचण पैसा कधी मिळतो यात आहे. या कुटुंबाने पाहिलेला दोन खोल्यांचा फ्लॅट १४ लाखांचा होता. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते, म्हणजे १२.६० लाख, आणि उरलेले १.४० लाख खरेदीदाराने स्वतः उभे करायचे असतात. मुद्रांक शुल्क, १ टक्का नोंदणी शुल्क, वकिलाचा शोध अहवाल आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क हे सगळे त्यावर वेगळे. महिलेच्या एकटीच्या नावावर घर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, आणि घर १० लाखांपर्यंतचे असेल तर बँकेला हे खर्च किमतीत धरता येतात. परंतु जळगाव किंवा धुळे शहरात त्या किमतीत धड घर मिळणे आता अवघड झाले आहे. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी १२.६० लाखांचा हप्ता साधारण ११,३०० रुपये होतो आणि दोघांच्या कमाईतून तो निघू शकतो, कारण महिन्याला घरभाडे भरण्याची सवय त्यांना आहेच. निघत नाही ती एकरकमी रक्कम. सोन्याची बाजारपेठ म्हणून नाव कमावलेल्या या शहरात ती रक्कम बहुतेक घरांत एकाच पद्धतीने उभी राहते: बायकोची पोत आणि पाटल्या गहाण पडतात, उरलेल्या रकमेसाठी पतसंस्थेचे कर्ज निघते, आणि गृहकर्ज सुरू होण्याआधीच कुटुंबावर दुसरा हप्ता बसतो. सरासरी वर्षाला ३६,००० रुपयांचे अनुदान पुढे येते खरे, पण ते कर्जखात्यात जाते. सराफाकडे किंवा पतसंस्थेत ते फिरवता येत नाही.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या आधीच्या योजनेत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाला २.६७ लाखांपर्यंतचे अनुदान एकदमच मिळत असे, त्यामुळे मुद्दल सुरुवातीलाच खाली यायचे. तेही खरेदीच्या दिवशी हाती येत नव्हतेच, तरी हप्त्यातला फरक लगेच जाणवत असे. पाच वर्षांत विभागून देण्याची आताची पद्धत मला त्या तुलनेत कमी उपयोगाची वाटते.

अमेरिकेत अनेक राज्यांच्या गृहनिर्माण संस्था अल्प उत्पन्नाच्या खरेदीदाराला ही पहिली रक्कमच दुय्यम कर्ज म्हणून देतात आणि ठरावीक वर्षे त्याच घरात राहिल्यास काही ठिकाणी ते माफही होते. मात्र पहिली रक्कम मिळाली तरी जमिनीच्या हक्काची अडचण उरते: तिथेही कारखान्यात तयार झालेले घर दुसऱ्याच्या जमिनीवर ठेवले असेल, तर ते बहुधा जंगम, म्हणजे हलवता येणारी, मालमत्ता ठरते आणि साध्या गृहकर्जाची वाट बंद होते. आपल्याकडे गावठाणातील ज्या घराला नमुना ८ च्या (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीच्या) उताऱ्याशिवाय दुसरा कागद नाही, त्या घरावर कर्ज मागायला गेलेल्या माणसाला हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते.

सुरुवातीलाच मदत देणे आपल्या शासनाला जमत नाही, असेही नाही. ग्रामीण भागात बेघर आणि भूमिहीन लाभार्थ्याला घरकुलाची जागा घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आता १ लाखापर्यंत रक्कम मिळते. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातील शेतमजुरासाठी घराचा रस्ता मोकळा होतो तो जागेच्या या पैशाने. शहरातल्या मजुराच्या व्याज अनुदानातील निदान पहिले दोन हप्ते खरेदीखताच्या वेळी थेट विक्रेत्याच्या खात्यात दिले, तर गहाण पडणारे बरेचसे सोने घरात राहील.

ज्यांना अर्ज करायचा आहे, त्यांनी बिल्डरला टोकन देण्यापूर्वी बँकेकडून कर्जाची रक्कम लेखी मंजूर करून घ्यावी आणि उत्पन्नाचा दाखला व घरातील सर्वांची आधार कार्डे तयार ठेवावीत. पगार रोखीने मिळत असेल तर तो दरमहा बँकेत भरण्याची सवय आधीपासून लावावी, कारण पगारपत्रक नसलेल्या माणसाला एका वित्त कंपनीने आमच्यासमोर चढा व्याजदर सांगितला होता. अनुदानाचा प्रत्येक हप्ता मिळताना कर्ज चालू असावे लागते आणि निम्म्याहून अधिक मुद्दल बाकी असावे लागते. म्हणून भिशी लागली किंवा गावाकडची जमीन विकली, तरी पाच वर्षांच्या आत मोठी रक्कम भरण्यापूर्वी उरलेल्या मुद्दलाचा आकडा बँकेकडून लिहून घ्यावा.