‘गॉसिप गर्ल’ आधी की ‘शाळा’?

लातूरला खोली करून नीटची तयारी करणाऱ्या भाचीनं विचारलं, “मावशी, आधी कोणती कादंबरी वाचू?”

२००२ सालची ‘गॉसिप गर्ल’ मॅनहॅटनच्या गर्भश्रीमंत पोरांची. ब्लेअर-सरीना जिवलग मैत्रिणी, मधे नेट नावाचा मुलगा. झरझर वाचून होते. मला भिडली ती जेनी: बेताच्या घरची, श्रीमंत मैत्रिणींत सामावायला धडपडणारी. बसच्या पासवर येणारी आणि कारमधून उतरणारी आपल्याकडेही एकाच बाकावर बसतात. तिथली घुसमट जेनीमुळं कळते.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ २००४ची, काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. मुकुंदाला शिरोडकर आवडते, पण दोन शब्द बोलायचीही चोरी! ती धडधड लातूरच्या ट्यूशन एरियात क्लास सुटताना आजही दिसते. पैसा इथं जवळजवळ नाहीच. मित्र मात्र जिवाला जीव देणारे.

मी तिला ‘शाळा’च दिली. जेनी दिवाळीच्या सुट्टीत.