कोकणातल्या जमीन एजंटाने ब्लॉग लिहावा, रील करावी की पोर्टलवर पैसे भरावेत?

प्लॉट गुहागरला, घेणारा डोंबिवलीत किंवा दुबईत. जागा त्याला फोटोतच आवडलेली असते. तरी व्यवहार अडतो, कारण सातबाऱ्यावर बारा नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोघं वारलेले आणि वारसनोंद अजून व्हायची. कोकणात एजंटाचा बराचसा वेळ ही धास्ती घालवण्यात जातो. प्रचाराचं माध्यम निवडतानाही हाच निकष आधी लावावा: कोणतं माध्यम तुमच्या आधी जाऊन गिऱ्हाइकाची शंका फेडतं?

पोर्टल

मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग यांवर येणारा माणूस मुळात घर किंवा जागा शोधायलाच आलेला असतो, ही पोर्टलची मोठी बाजू. पनवेल, अलिबाग, मांडवा या पट्ट्यात बिल्डरचे प्रकल्प, तयार बंगले, फ्लॅट विकत असाल तर पॅकेजचे पैसे वसूल होऊ शकतात. मात्र एकच चौकशी दोन-तीन एजंटांकडे जाते, त्यामुळे फोन ताबडतोब करावा लागतो. दुपारी रेंज नसलेल्या वाडीत जागा दाखवत असाल तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याचं झालेलं असतं.

दापोलीच्या खाली, म्हणजे गुहागर, राजापूर, देवगड, वेंगुर्ला इथे सुटी जमीन विकणाऱ्याला पोर्टल तोकडं पडतं. सामाईक हिस्सा, कलमाची बाग, कूळ असलेली जमीन या गोष्टींना तिथल्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. वर्षभराच्या पॅकेजऐवजी तीन महिन्यांचं घ्या आणि किती जण प्रत्यक्ष जागेवर आले, एवढंच मोजा.

रील आणि यूट्यूब

समुद्र दिसला की लोक थांबून बघतात. त्यातले बहुतेक फक्त बघायलाच आलेले असतात, हे पाहणाऱ्यांच्या आकड्याने हुरळून जाण्यापूर्वी लक्षात ठेवावं. रीलचं आयुष्यही थोडं. चार-सहा दिवसांनी ती खाली जाते.

तरी एक काम व्हिडिओच करू शकतो, ते म्हणजे जागेचा उतार, कातळ आणि डांबरी रस्त्यापासून बांधापर्यंतची वाट दाखवणं. मोबाइल हातात धरून मुख्य रस्त्यापासून प्लॉटपर्यंत न कापता चालत जा. तीन-चार मिनिटांचा हा व्हिडिओ यूट्यूबवर ठेवलात की बऱ्याच चकरा वाचतात. जुलैत हिरवंगार दाखवून विकलेली जागा मे महिन्यात उघडा कातळ निघते आणि मग वाद होतात, म्हणून दोन्ही ऋतूंतलं चित्रण ठेवावं. ड्रोन उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशात तो भाग बघा. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे आणि चिपीला विमानतळ आहे, त्यामुळे आसपास उड्डाणाला बंधनं येतात.

व्हॉट्सअॅप

फुकट आणि झटपट. ग्रुपमध्ये 1,024 जण बसतात, ब्रॉडकास्ट यादीत 256; पण ब्रॉडकास्ट त्यालाच पोचतो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. एजंटांच्या ग्रुपात एकच प्लॉट पाच जण पाच वेगळ्या दरांनी फिरवतात आणि मालकाचं डोकं फिरतं. ओळखीतल्या गिऱ्हाइकांना नवी जागा कळवायला उत्तम, अनोळखी माणसाचा विश्वास मिळवायला जवळपास निरुपयोगी.

ब्लॉग

ब्लॉगचं खरं काम फोनवर रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना एकदाच नीट उत्तर लिहून ठेवणं. ‘शेतकरी दाखला नाही, मला जमीन घेता येईल का?’ कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मग एनए (बिगरशेती) प्लॉट, स्वतःचा वडिलोपार्जित सातबारा असे मार्ग येतात. ‘समुद्राला लागून बंगला होईल का?’ सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर, दाट वस्तीच्या भागात 50 मीटर ना-विकास क्षेत्र धरलं आहे, खाडीकाठचं माप वेगळं. वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, पोटहिस्सा मोजणी, रस्त्याचा हक्क, पाण्याची सोय हे आणखी विषय. एवढं तीस सेकंदांत सांगता येत नाही आणि पोर्टलवर सांगायला जागा नाही.

खर्च थोडा. स्वतःच्या डोमेनला साधारण हजारभर रुपये वर्षाला, होस्टिंगला दोन-चार हजार; पहिल्या वर्षाचा भाव स्वस्त आणि नूतनीकरणाचा महाग असतो, तो आधी विचारा. गूगलचं ब्लॉगर वापरलंत तर होस्टिंगचाही खर्च नाही. डोमेन मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने घ्या. साइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर राहिलं आणि तो पुण्याला गेला की सगळी मेहनत त्याच्या हातात.

महाग पडतो तो वेळ. एका चांगल्या लेखाला तीन-चार तास लागतात आणि गूगलवर दिसू लागायला चार महिने ते वर्ष. गणपतीत येणाऱ्या चाकरमान्यांसाठी लेख श्रावणात टाकून उपयोग नाही, तो शिमग्याच्या सुमारास तयार हवा.

लेख असा बांधा: एक लेख, एक प्रश्न. शीर्षकात तालुका किंवा गाव आणि प्रश्न दोन्ही. पहिल्या चार ओळींत थेट उत्तर, मग कारण, मग लागणारे कागद. लोक मराठी प्रश्नही रोमन अक्षरांत टाइप करतात, म्हणून पानाचा पत्ता आणि एखादं उपशीर्षक रोमनमध्ये ठेवा. फोटो 200 केबीच्या आत. गावातल्या रेंजवर जड पान उघडत नाही. शेवटी व्हॉट्सअॅपची लिंक द्या आणि तिच्यात लेखाचं नाव आधीच भरून ठेवा, म्हणजे कोणत्या लेखाने माणूस आणला ते कळतं. लोकांनी काय शोधलं हे गूगलचा सर्च कन्सोल फुकट दाखवतो; पुढचे विषय तिथूनच निघतात.

बिघडतं कुठे? पहिली चूक म्हणजे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर छापणं. महाभूलेख या सरकारी सातबारा-संकेतस्थळावर तो टाकला की मालकाचं नाव फुकटात दिसतं, आणि दुसरा एजंट संध्याकाळी मालकाच्या ओटीवर हजर. गाव, क्षेत्रफळ, रस्त्याची रुंदी, समुद्रापासूनचं अंतर एवढं पुरे. कागदाचा फोटो टाकलात तर नावं झाका. दुसरी चूक, प्रकल्पाचं कौतुक लिहिताना ती जाहिरात ठरते हे विसरणं. महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागू असलेला प्रकल्प नोंदलेला नसेल तर एजंटाने त्याची विक्री करायचीच नसते. नोंदलेला असेल तर महारेरा क्रमांक आणि, 1 ऑगस्ट 2023 पासून, क्यूआर कोडही हवा. स्वतःचा एजंट नोंदणी क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी ठेवा. तिसरी, एआयकडून लेख लिहून घेऊन तसाच चिकटवणं. त्यात हरयाणाचे नियम कोकणाला लागलेले सापडतात.

मग निवड कशी?

अलिबाग-पनवेलचे फ्लॅट आणि बंगले विकत असाल तर आधी पोर्टल, सोबत गूगल बिझनेस प्रोफाइल. ते फुकट आहे आणि नकाशावर तुमचं ऑफिस दाखवतं. खालच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत सुटी जमीन विकत असाल आणि महिन्यातून दोन लेख वर्षभर निभावण्याची तयारी असेल तर ब्लॉग, आणि प्रत्येक जागेसाठी तो चालत काढलेला व्हिडिओ लेखातच जोडलेला. पुढच्या दोन महिन्यांत विक्री हवीच असेल तर ब्लॉगच्या वाटेला जाऊ नका. जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावा. लिहायला कंटाळा असेल तर गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तर फोनवर रेकॉर्ड करून (त्याला सांगून) एखाद्या मराठी नीट लिहिणाऱ्याकडून उतरवून घ्या, मात्र कायद्याचा भाग वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय टाकू नका.

लेख लिहून झाला की तारीख घाला आणि दर एप्रिलमध्ये चाळा, कारण मुद्रांक मूल्यांकनाचे दर तेव्हाच बदलतात. विकलेल्या जागेचं पान काढून टाकू नका. वर ‘विकली’ असं लिहा आणि खाली त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या जागेची लिंक द्या.