नोजल काढायला सांगितलेले, निघाला डिझेल फिल्टर – ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या गॅरेजचा अनुभव

आमची बोलेरो 2014 ची, दीड लाखाच्या वर चाललीय. जुलैपासून एकच त्रास, सपाट रोडला मस्त पळायची पण घोडबंदरला गायमुखचा चढ लागला आणि आत पाच-सहा माणसं असली की पिकअपच नाही, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी ओढायची नाही, मागून डंपरवाले हॉर्न मारतायत आणि आम्ही सेकंड गिअरमध्ये. सकाळी स्टार्टरही लांब मारायला लागायचा.

आधी एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली, त्यांनी कॉम्प्युटर लावून थेट नोजल (इंजिनमध्ये डिझेल फवारतात ते) गेलेत सांगितलं आणि 40 हजारांच्या वरचं एस्टिमेट हातात दिलं. शेजारच्या टेम्पोवाल्या दादांनी वागळे इस्टेटमधल्या या गॅरेजला पाठवलं. बोर्ड वगैरे काही नाही, दोन टेम्पो उभे राहतील एवढीच जागा.

तिथल्या काकांनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, डिझेल फिल्टर कधी बदलला? मला आठवेना. डिकीतली बिलांची फाईल काढून बघितलं तर 46 हजार किलोमीटर आधी! मग त्यांनी फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून त्यातलं डिझेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घेतलं आणि म्हणाले, दहा मिनिटं हलवू नका. खरंच, वर डिझेल आणि तळाला बोटभर पाणी, मध्ये स्पष्ट रेघ. पाणी जड म्हणून खाली बसतं. फिल्टर कापून दाखवला, आतला कागद काळाकुट्ट.

मला पटलं ते त्यांचं समजावणं. गाडी नुसती उभी असताना इंजिनला डिझेल थोडंच लागतं, तेवढं चोक झालेल्या फिल्टरमधूनही येतं, पण चढाला लोड आला की मागणी वाढते आणि तिथे पुरत नाही, म्हणून त्रास फक्त चढालाच. आणि कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या नोजलना एकाच पाईपमधून डिझेल मिळतं त्या गाडीत, डिझेल हजार बारच्याही वर प्रेशरने जातं, नोजलची भोकं केसाएवढी, तिथे कचरा किंवा पाणी गेलं की मग खरंच हजारोंचा खर्च. डॅशबोर्डवर फिल्टरमध्ये पाणी आल्याची लाईट लागली तर घरी जाऊन बघू म्हणायचं नाही, लगेच पाणी काढायचं. फिल्टर बदलायचे मॅन्युअलमधले किलोमीटर पाळायचेच, पण पावसाळ्यात अधूनमधून पाणी काढून बघायचं आणि पंपावर टँकर खाली होत असेल तर तेव्हा डिझेल भरायचं नाही, पंपाच्या टाकीतला तळाचा गाळ ढवळलेला असतो. हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

एअर फिल्टर आणि टर्बोचा (इंजिनमध्ये जास्त हवा ढकलतो तो) पाईपही तपासला कारण पिकअप त्यानेही जातो. नवा फिल्टर सीलबंद बॉक्समधून माझ्यासमोर काढला, डिझेल लाईनचा छोटा हातपंप कडक होईपर्यंत दाबून लाईनमधली एअर काढली, मग स्टार्टर मारला, दुसऱ्या झटक्यात चालू. फरक नाही पडला तर परत या मग नोजल बघू, हेही आधीच बोलले. फिल्टर आणि मजुरी मिळून 1,650 रुपये घेतले.

बसायला जागा नाही, गाडी रोडवर लावावी लागते आणि बिल हाताने लिहिलेलं मिळतं. टेम्पोवाल्यांची रांग असते, मला दोन तास थांबावं लागलं, त्यामुळे सकाळी दहाच्या आत गेलेलं बरं. पण माझ्याकडून पाच स्टार.

तीन आठवडे झाले, तोच गायमुखचा चढ, तीच सहा माणसं, गाडी थर्डमध्ये आरामात चढते. फिल्टरवर काकांनी मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून दिलेत, पहिल्या पावसानंतर पाणी काढायला त्यांच्याकडेच नेणार आहे.