प्यूजो यूओ-८ : दहा महिने, २,१०० किलोमीटर आणि ०.२ मिलिमीटरचा हिशेब

ही फ्रेंच सायकल १९७० च्या दशकातली आहे. साध्या कार्बन स्टीलच्या नळ्या लग (सांध्यावरच्या धातूच्या बाह्या) लावून जोडलेली फ्रेम, मागे पाच गिअर, पुढे ५२ आणि ३६ दात, कॉटर पिनचे क्रँक (पॅडलचे दांडे), माफाक रेसर सेंटर-पुल ब्रेक, नॉर्मंडी हब, क्रोमचे स्टील रिम. मिळाली तेव्हा रंग बरा होता, बाकी सगळं जाम. गाडीची किंमत सोडून दुरुस्तीला अकरा हजारांच्या थोडं वर गेले. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या चाकांवर. त्यानंतर दहा महिने छत्रपती संभाजीनगर ते दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ आणि दुसऱ्या बाजूला जालना रस्ता असा वापर झाला.

चालवायला गाडी सुरेख आहे. फ्रेम लांब, चिमटा पुढे वाकलेला, त्यामुळे खडबडीत डांबरावरही हात दुखत नाहीत. पण जुनी फ्रेंच सायकल दुरुस्त करताना पैसे कुठे वाचवायचे हे आधी ठरवावं लागतं. माझा अनुभव असा : जिथे आटे आहेत तिथला जुना भाग शेवटपर्यंत वाचवा, आणि जिथे रबर, तार किंवा रिम आहे तिथे हात सैल सोडा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

कारण आट्यांचं माप. आपली काळी देशी सायकल इंग्रजी मापाची आहे. फ्रेंच गाडी मेट्रिक. बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या फ्रेमच्या नळीचे, आटे ३५ मिमी व्यासाचे, १ मिमी पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). इंग्रजी कप (छर्रे धरणारी वाटी) ३४.८ मिमीचा आणि इंचाला २४ आटे. फरक डोळ्यांना दिसत नाही, कप दोन फेरे सहज आत जातो आणि मग अडतो. तिथे पाइप लावून जोर केला की फ्रेमचे आटे गेले. चिमट्याची नळी २५ मिमी, इंग्रजी २५.४. स्टेम, म्हणजे हँडल धरून चिमट्याच्या नळीत उतरणारा भाग, २२.० मिमी, इंग्रजी २२.२. पॅडल १४ मिमी गुणिले १.२५, इंग्रजी ९/१६ इंच, म्हणजे १४.२९. फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे) आटे ३४.७ मिमी गुणिले १; हल्लीची फ्रीव्हील ३४.९ ची असते, ती ढिली चढते, बरी वाटते आणि चढावर जोर आला की हबचे आटे सोलून काढते. सातशे-आठशे रुपयांचा व्हर्नियर आणि एक पिच गेज नसेल तर या कामाला हात घालू नये.

बॉटम ब्रॅकेटबद्दल सविस्तर सांगतो, कारण नुकसान तिथेच होतं. देशी सायकलच्या उजव्या कपाला उलटे आटे असतात. आपल्याकडच्या प्रत्येक मिस्त्रीच्या हाताला ती सवय आहे. फ्रेंच गाडीत दोन्ही कप सुलट्या आट्यांचे. म्हणजे चेनच्या बाजूचा कप उघडायला घड्याळाच्या उलट फिरवायचा. सवयीने तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की आणखी आवळला जातो, मग लांब पाना येतो, मग हातोडी येते. गाडी दुकानात देणार असाल तर फ्रेमवर चिठ्ठी चिकटवा : ‘दोन्ही कप सुलटे’. यालाही अपवाद आहे. मोटोबेकान या दुसऱ्या फ्रेंच कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत माप हेच, ३५ गुणिले १, पण उजवा कप उलट्या आट्याचा, ज्याला स्विस आटे म्हणतात. तेव्हा आधी डिझेल आणि गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या आणि दोन्ही दिशांना हलक्या हाताने अंदाज घ्या.

उजव्या कपाच्या आतली वाट गुळगुळीत असेल तर तो काढूच नका. टॉर्चने बघा, काडीच्या टोकाला कापड गुंडाळून फिरवा. काडी कुठे अडकत नसेल तर कप जागेवरच धुऊन ग्रीस भरा. काढावाच लागला तर कपाचे दोन सपाट भाग मोठ्या व्हाइसमध्ये घट्ट धरा आणि पाना न वापरता फ्रेमच फिरवा. छर्रे मात्र नवेच घ्या : पाव इंची, दुकानाच्या भाषेत दोन सूत, प्रत्येक बाजूला ११. पिंजऱ्यातले ९ किंवा ७ नकोत.

सुलट्या आट्याचा उजवा कप चालवताना हळूहळू सुटतो, हा या रचनेचा मूळ दोष आहे. छर्रे एका दिशेने फिरतात तेव्हा कपाला उलट दिशेने सूक्ष्म ओढ बसते. पहिल्या सहाशे किलोमीटरमध्ये हा कप दोनदा ढिला झाला. आटे पेट्रोलने पूर्ण कोरडे करून मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे सुटू न देणारा चिकट द्रव) लावलं, व्हाइसमध्ये आवळलं आणि २४ तास गाडी उभी ठेवली. त्यानंतर हललेला नाही.

कॉटर पिन. बाजारात मिळते ती साडेनऊ मिमीची. फ्रेंच क्रँकचं भोक ९ मिमीचं. इथे मराठवाड्यातल्या माणसाला एक मोठी सोय आहे : चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींमुळे लेथवर अर्धा मिमी उतरवून देणारा टर्नर शोधायला फार फिरावं लागत नाही. चार पिना ९ मिमीला उतरवून घेतल्या, दोन लावायला आणि दोन जवळ ठेवायला. खर्च तीनशे रुपये. सपाट उतार मात्र कानशीने स्वतः घासा. दोन्ही पिनांचा कोन एकसारखा हवा, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पॅडल मारताना पाय लंगडतो. एक पिन वरून घातली तर दुसरी खालून. जुनी काढताना क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवा, म्हणजे हातोडीचा मार छर्ऱ्यांवर जात नाही. नट हा पिन ओढून बसवण्यासाठी नसतो. पिन आधी ठोकून किंवा दाबून बसवायची, मग नट. २५ किलोमीटरनंतर पुन्हा एकदा ठोकून नट आवळायचा. हे राहिलं तर पिनेचा सपाट भाग चुरतो आणि मग कितीही आवळा, टक् टक् थांबत नाही.

हेडसेटमध्ये, म्हणजे चिमटा ज्या छर्ऱ्यांवर वळतो त्या जागी, हँडल सरळ असताना ‘खटकन’ बसायचं, कारण खालच्या वाटीत छर्ऱ्यांनी खड्डे पाडले होते. फ्रेंच मापाचा नवा हेडसेट मागवण्याऐवजी पिंजरा काढून टाकला आणि ५/३२ इंची सुटे छर्रे भरले, एकाची जागा रिकामी ठेवून. छर्ऱ्यांची संख्या बदलली की ते जुन्या खड्ड्यांत एकाच वेळी बसत नाहीत. खटका ऐंशी टक्के गेला. हे काम दोन तास आणि वीस रुपयांचं आहे.

स्टेमबद्दल काटकसर करू नका. त्या काळातल्या काही फ्रेंच स्टेमच्या आत जाणाऱ्या भागाला लांब चीर असते, आणि चिरेच्या टोकापासून तडा जातो. तडा दिसला तर तो स्टेम भंगारात. नवा २२.२ चा अॅल्युमिनियम स्टेम घेऊन ८० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी बुटाला पॉलिश करतात तशी फिरवत ०.२ मिमी उतरवा, शेवटी २२० नंबर. फक्त आत जाणारा भाग घासायचा. दर पाच मिनिटांनी व्हर्नियर लावा. हाताने दाबून आत जायला हवा, हातोडीने नाही. हँडलची पकडही मोजून घ्या, फ्रेंच हँडल बहुधा २५ मिमीचं असतं.

पॅडल जुनीच ठेवली. त्यांच्यावर डी आणि जी अशी अक्षरं असतात : डी म्हणजे उजवं, जी म्हणजे डावं. डाव्या आट्याचा ९/१६ चा टॅप वर्कशॉपमध्ये सहसा नसतो, म्हणून जुनं पॅडल उघडून छर्रे बदलणं स्वस्त पडतं. फ्रीव्हीलही काढली नाही. डिझेलमध्ये फिरवत धुतली, वाळवली, मागच्या फटीतून ३० नंबरचं तेल सोडलं. छान टिकटिकते.

आता चाकं. या गाडीला २७ इंची रिम होते, टायरच्या बुडाचं माप ६३० मिमी. आजचं ७०० सी म्हणजे ६२२. देशी २८ गुणिले दीडचं ६३५. नावावर जाऊ नका, टायरवर कोरलेला तीन आकडी नंबर वाचा. जुने रिम सरळ होते, आऊट काढायचीही गरज नव्हती, तरी बदलले. पावसात ओल्या क्रोमवर ब्रेक धरतच नाही, आणि दौलताबादच्या पुढे घाट उतरताना त्यावर विसंबणं चूक आहे. दुहेरी भिंतीचे अॅल्युमिनियमचे ६२२ रिम, ३६ भोकांचे. भोकं मोजूनच घ्या, देशी सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० असतात, फ्रेंच हबला दोन्हीकडे ३६. तारा नव्या, ७२. रिम ४ मिमी खाली येतो, आणि माफाक रेसरचे हात लांब असल्यामुळे ब्रेकचं रबर तेवढं खाली सरकवता येतं. ३२ मिमीचे टायर बसतात, मागे ७० पीएसआय, पुढे ६०.

ब्रेकची मूळ रबरं दगड झाली होती. याचे दांडे बिनआट्याचे असतात, आजची बहुतेक रबरं आट्याची. गुळगुळीत दांड्याची घ्या, जुना दांडा मोजून. रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा १ मिमी आधी टेकेल असं तिरकं बसवा, नाहीतर किंचाळतात. ते बसवायला एका चाकाला अर्धा तास लागतो, पण नव्या तारा आणि ग्रीस भरलेलं आवरण यांच्या जोडीला हे ब्रेक आजही दोन बोटांत गाडी उभी करतात. चेन ६-७-८ स्पीडची चालते. देशी १/८ इंची चेन गिअरवर अडकते.

डेलरिन प्लास्टिकच्या त्या काळच्या मागच्या डिरेल्युअरना (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला) वयाने तडे जातात, तेव्हा शोभेसाठी जपून ठेवा आणि अॅक्सलच्या नटाखाली बसणारा पंजा असलेला शिमानो टूर्नी लावा. गिअर बदलायची जुनी सिम्प्लेक्स लिव्हर त्याला बिनतक्रार चालवते. पुढच्या डिरेल्युअरची पकड २८.६ ची आणि नळी २८ ची, मधली फट थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याचे तीन वेढे देऊन भरली. खुलताबादच्या चढाला पुढे ३६ आणि मागे २८ दात, एका फेरीत साधारण पावणेतीन मीटर. पुरतं, पण सामान असेल तर जीव जातो.

रंग काढला नाही. गंजलेले नट आणि वायसर ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये, एक लिटर पाण्याला २० ग्रॅम, रात्रभर. हातमोजे घाला, ते विषारी आहे, आणि अॅल्युमिनियम त्यात टाकू नका. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. फ्रेमच्या आत घाण्यावरचं जवसाचं तेल १०० मिली ओतून चारही बाजूंनी फिरवलं आणि पंधरा दिवस उलटी टांगली. ते वाळून पातळ थर धरतं. एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा : त्या तेलाचे बोळे एकत्र कोंबून ठेवले तर आपोआप पेटतात, आणि मे महिन्यात ४२ अंशांत तर फार लवकर. उघड्यावर पसरून वाळवा.

वापरातला सगळ्यात मोठा त्रास गाडीचा नाही, सराट्याचा. कडेच्या मातीत चाक गेलं की संपलं. पहिल्या दोन महिन्यांत सात पंक्चर. टायरच्या आत प्लास्टिकची पट्टी घातल्यावर पुढच्या आठ महिन्यांत दोन. बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हसाठी पितळी अॅडॅप्टर खिशात ठेवा, गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपाचं तोंड मोटारच्या व्हॉल्व्हचं असतं. काळ्या मातीचा चिखल ब्रेक आणि टायरच्या मध्ये सिमेंटसारखा बसतो, तो ओला असतानाच काडीने काढा. पावसाळ्यानंतर बॉटम ब्रॅकेट उघडलं तर ग्रीस तांबूस झालं होतं. सीट ट्यूबच्या तोंडातून पाणी उतरतं. तिथे जुन्या ट्यूबचा रुंद तुकडा चढवला आहे.

दहा महिन्यांनी चेन मोजली : १२ इंचांवर १/३२ जादा. १/१६ झाली की बदलणार, म्हणजे त्या न मिळणाऱ्या फ्रीव्हीलचे दात वाचतील.

अशी गाडी घ्यायला जाल तेव्हा पाना आणि व्हर्नियर घेऊन जा. सीट पोस्ट हलते का, स्टेम वर येतो का, कॉटर पिनेवर वेल्डिंगचा डाग आहे का आणि उजव्या कपाभोवती पाइपपान्याचे ओरखडे आहेत का, एवढं पाहा. ओरखडे असतील तर कुणीतरी तो कप आधीच चुकीच्या दिशेने फिरवला आहे. ती गाडी सोडून द्या.